रनिंग रूमची चूल आणि पाकिटातले जेवण



रनिंग रूमचे स्वयंपाकघर रात्री दहा ते पहाटे पाच बंद ठेवायचे, त्याऐवजी दोन मायक्रोवेव्ह ओव्हन बसवायचे आणि कपाटात तयार जेवणाची पाकिटे ठेवायची, असा प्रस्ताव मध्यंतरी प्रशासनाने आमच्यापुढे तोंडी मांडला. तीन मिनिटांत गरमागरम जेवण, कुकची वाट बघायला नको, असे आम्हाला समजावण्यात आले. बैठकीत राजमा-भाताची पाकिटे गरम करून वाटण्यातही आली. खोटे कशाला बोला, चव वाईट नव्हती. आमच्यापैकी दोघांनी दुसऱ्यांदा घेतले.

तरीही आम्ही नाही म्हटले. ते का म्हटले हे सभासदांना सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण लॉबीत तरुण पोरे विचारू लागली आहेत की युनियन मायक्रोवेव्हच्या विरोधात कशी, सेक्रेटरीसाहेबांना अजून कोळशाचे इंजिन पाहिजे आहे काय?

आम्हाला कोळशाचे इंजिन नको आहे. पाकिटाविरुद्ध ज्या अफवा चालतात त्याही आम्हाला मान्य नाहीत. पाकिटात विषारी पावडर घातलेली असते म्हणून ते सहा महिने टिकते, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. तसे नाही. शिजवलेले अन्न अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या जाड पाकिटात हवाबंद करतात आणि वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यात जंतू आणि त्यांची बीजेही मरतात, म्हणून फ्रीजशिवाय ते टिकते. आपल्या देशात या तंत्रावर मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने काम केले, आणि ते सीमेवरच्या जवानांसाठी केले. मायक्रोवेव्हचेही तसेच. १९४५ मध्ये रडारच्या कामावर असलेल्या पर्सी स्पेन्सर या अमेरिकन इंजिनिअरला या लहरींनी अन्न तापते हे लक्षात आले आणि त्यातून ही भट्टी निघाली. लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात, त्यातून उष्णता येते. बटण बंद केले की लहरी संपल्या, अन्नात काही शिल्लक राहत नाही. साध्या गॅसवर गरम केलेल्या आमटीइतकीच ही आमटी निरुपद्रवी आहे.

उलट आपल्या डब्याबद्दल थोडे खरे बोलले पाहिजे. भुसावळच्या मे महिन्यात पहाटे भरलेला भाताचा डबा दुपारी तीनला यार्डात सिग्नलला उभे असताना उघडणारे आपण. असा भात तासन् तास उकाड्यात राहिला की त्यात जंतू जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. लाइनवर जुलाब-उलटी होऊन इंजिनात वाकून बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला अधिक सांगायला नको. अशा वेळी सीलबंद पाकीट शंभर टक्के बरे.

आणि तो डबा भरतो कोण? साडेचारची साइन ऑन असली की घरातली बाई अडीचला उठते. तीस-पस्तीस वर्षे ती उठली, तिला ना नाइट ड्युटी अलाउन्स, ना रेस्ट. तिची नोंद ना कॉल बुकात, ना आमच्या कुठल्या ठरावात. आम्ही घड्याळाच्या तासासाठी भांडलो आणि तिचे तास मोजायचे विसरलो, ही कबुली आम्ही येथे देतो. आता तर लॉबीत मुली असिस्टंट लोको पायलट म्हणून येतात, पोस्टात काउंटरवर आणि बीटवर निम्म्या बायका दिसतात. ड्युटी करून घरी गेल्यावर त्यांनी पुन्हा कणीक मळायला बसावे, आणि पाकीट फोडले तर शेजारणीने नाक मुरडावे, हे आम्हाला मंजूर नाही. इटारसीला किंवा गुंतकलला एकट्या राहणाऱ्या आपल्या मराठी पोराला रात्री वरण-भाताचे पाकीट मिळाले तर त्याचेही भले आहे.

म्हणजे पाकीट चांगले. मग अडले कुठे?

एक तर मिठात. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सोडियमचा आकडा असतो, तो चष्मा लावून वाचा आणि दिवसातून दोन पाकिटे खाल्ली तर बेरीज किती होते ते पाहा. साहेबाला रक्तदाब झाला तर तो गोळी घेऊन खुर्चीत बसतो. रनिंगवाल्याचे तसे नाही. पीएमई पंचेचाळीसपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. रक्तदाब आणि साखर वाढली की मेडिकलमध्ये अडकला, डी-कॅटेगराइज झाला तर इंजिन सुटले, आणि इंजिनाबरोबर मायलेजही सुटले. मुलीच्या लग्नाचे कर्ज मात्र सुटत नाही. महिन्यातून चार वेळा पाकीट खाणे वेगळे आणि मुख्यालयाबाहेरचे प्रत्येक रात्रीचे जेवण पाकिटातूनच घेणे वेगळे.

दुसरे, त्या तीन मिनिटांचा हिशेब. ती तीन मिनिटे एका ताटाची आहेत. पाकिटात अॅल्युमिनियम असल्यामुळे ते तसेच ओव्हनमध्ये ठेवता येत नाही, काचेच्या भांड्यात ओतावे लागते. आपला स्टीलचा डबाही आत चालत नाही. ती काचेची भांडी कोण ठेवणार, कोण घासणार? पाठोपाठ चार मालगाड्या लागल्या की आठ-दहा माणसे एकदम येतात. दोन ओव्हनपुढे रांग लागणार. कडेला चटका बसेल इतके गरम आणि मधोमध गार, म्हणून मध्ये थांबवून ढवळायचे आणि पुन्हा फिरवायचे. लाइट गेली तर तेही नाही. आणि चपाती-भाकरीचे काय? बारा डब्यांचा माणूस नव्हे आम्ही, बावन्न वॅगन ओढून आलेल्या माणसाला वाटीभर राजमा कुठे पुरतो!

परंतु मीठ आणि रांग यांच्यासाठी आम्ही एवढे पान अडवले नसते. खरी गोष्ट अशी की पाकीट जेवणात भर म्हणून येत नाही, कुकच्या बदल्यात येते.

जुन्या साथींना आठवत असेल, रनिंग रूममध्ये आपण पिशवीतून शिधा नेत होतो, डाळ-तांदूळ कुकच्या हवाली करून झोपायचे, उठलो की ताट तयार. पुढे सवलतीचे जेवण आले, ते मागून मिळवले. मग कुक कायमचा राहिला नाही, कंत्राटाचा आला. आता कंत्राटाचाही रात्री नको. ज्या माणसाला ही नोकरी पोसते आहे तो आमच्या आंदोलनात आमच्या शेजारी उभा राहतो, त्याच्या पोटावर पाय देऊन आम्ही गरम राजमा खायचा काय?

कँटीन ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४६ ने अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली, नव्या संहितेत तो आकडा शंभर आहे. रेल्वेच्या वैधानिक कँटीनमधले कामगार हे रेल्वेचेच कर्मचारी आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एम. एम. आर. खान प्रकरणात दिला. रनिंग रूम कायद्याच्या भाषेत कारखाना नसेल, भूक तीच आहे. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा गाड्यांतले शिजवलेले जेवण बंद होऊन प्रवाशांना पाकिटे देण्यात आली. प्रवाशांनी कुरकूर केली आणि २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत शिजवलेले जेवण सगळीकडे परत आले. दोन-चार तासांच्या प्रवाशाला पाकीट गोड लागत नाही हे ज्यांना कळले, त्यांना महिन्यातल्या दहा-बारा रात्री बाहेर काढणाऱ्याचे कळू नये?

शिवाय एप्रिल २०२५ विसरू नका. लोको पायलटला जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी नियमाने सुट्टी ठरवून देणे गाडी चालवण्याच्या कामात शक्य नाही, असे रेल्वे बोर्डाने त्या महिन्यात कळवले. आम्ही जेवायला वेळ मागतो आहोत आणि आमच्या हातात लवकर गरम होणारे जेवण ठेवले जात आहे. आज तीन मिनिटांचे जेवण मान्य केले, तर उद्या जेवणाला वेळ तीन मिनिटेच लागतो हे आमच्याच सहीने सिद्ध होईल. दहा तासांच्या ड्युटीचा शब्द १९७३ मध्ये लोको कामगारांनी काम थांबवून घेतला, कोणी यंत्र बसवून दिला नाही. तो शब्द अजून पुरता पाळला जात नाही तो भाग निराळा.

पोस्टातल्या साथींनी हे रेल्वेवाल्यांचे रडगाणे समजू नये. टिफिन रूममधला माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, वर्षभराने कोपऱ्यात एक यंत्र येते आणि रात्रपाळीचा सॉर्टर बिस्किटावर भागवतो, हे आरएमएसचे साथी आम्हाला बऱ्याच दिवसांपासून सांगत आहेत.

म्हणून आमचे उत्तर असे गेले आहे. ओव्हन जरूर बसवा, दोन नव्हे चार बसवा, काचेची भांडी द्या. पाकिटेही ठेवा, ज्याला हवे तो घेईल, पण सवलतीच्या ताटापेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका. चूल रात्रभर पेटती राहील आणि रात्रीचा कुक राहील. जेवायला आणि झोपायला लागणारा वेळ धरूनच कॉल द्यावा लागेल.

यावर प्रशासनाचे म्हणणे असे की रात्री जेवणारे मोजकेच असतात, कुकची वही पाहा. आम्ही वही पाहिली. त्यांचे खरे आहे, वहीत नावे कमी आहेत. कारण आपण थकून येतो, ताटावर बसतो, हात धुतो आणि सही न करता पलंग गाठतो. प्रस्ताव अजून लेखी आलेला नाही. तो येईल तेव्हा त्याला ती वहीच जोडलेली असेल. तेव्हा रात्री दीड वाजता दोन घास खाल्ले तरी नाव, वेळ आणि ट्रेन नंबर लिहून मगच झोपायला जा.