मशेरी आणि दंतवैद्याची खुर्ची

कोकणातील मसुरे गावच्या एखाद्या घराच्या मागील दारी चुलीवरच्या तव्यात तंबाखू काळी पडेपर्यंत भाजली जाते, तेव्हा तिच्या धुराने घरातल्या पोरांना ठसका लागतो. पुढे ती पूड डब्यात भरून रोज सकाळी बोटाने हिरड्यांवर फिरविणारी वडीलधारी बाई मात्र तिला मशेरी, म्हणजे दंतमंजनच समजते, आणि व्यसन हा शब्द उच्चारल्यास तिला तो आपल्या शीलावरील आरोप वाटतो.

१९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू घालण्यास मनाई केली व २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदीचा हुकूम निघाला. परंतु सरकारी हुकमाचा अंमल दुकानाच्या फळीपर्यंत, चुलीपर्यंत नव्हे. म्हणून मशेरीवर केवळ उपदेशाची झोड उठविणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. साखरेवर पोसलेल्या जंतूंच्या आम्लाने दाढ पोखरून ठणका मस्तकात गेला आणि जवळ दंतवैद्य नसला, म्हणजे मशेरीने येणारी बधिरता हाच त्या बाईचा इलाज होऊन बसतो. शिवाय वरची दाढ काढल्यास दृष्टी अधू होते, ही सर्वस्वी निराधार समजूत आहेच. नुसत्या किडलेल्या दाताने कर्करोग होतो असे नव्हे, परंतु कीड बळावते, तिच्यापायी मशेरीचा डबा दिवसातून चार वेळा उघडतो, आणि तंबाखूपासून कर्करोग होतो याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत उरलेले नाही. सुपारीही निर्दोष नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगकारक ठरविले. (आमचे बागायतदार हे वाचून रुष्ट होतील, त्यास नाइलाज आहे.)

तेव्हा आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी दंतवैद्य बसेल, अशी तजवीज जिल्हा परिषदेने प्रथम करावी. दुसरी संधी आंगणेवाडीच्या देवीच्या जत्रेची. तिची तिथी पंचांगात नसून देवीच्या कौलाने ठरते, तरी मुंबईचे चाकरमानी बायकामुलांसह लोटतात. तिथे एक मांडव मुखतपासणीचा असावा. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तोंड पुरते न उघडणे, ही लक्षणे जाणत्या नजरेला विजेरीच्या उजेडात दिसतात, यंत्रसामग्री लागत नाही. संशय येईल त्याच्या हाती ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तिथल्या तिथे द्यावी, गावनिहाय यादी आशाताईंच्या स्वाधीन करावी, आणि महिनाभरात कोण गेले व कोण राहिले याचा जाब आरोग्य खात्याने स्वतःच्या दप्तरास विचारावा.