तळ्याकाठची कात्री

डार्मश्टाटच्या दक्षिणेला, एबरश्टाटच्या वरच्या डोंगरावर, फ्रांकेनश्टाइन नावाचा पडका किल्ला आहे. 'फ्रँकेनस्टाइन' ही कादंबरी लिहिणारी मेरी शेली 1814 साली ऱ्हाइन नदीवरून प्रवास करत या मुलखातून गेली. ती किल्ल्यावर आली होती याला ठोस पुरावा नाही. तरी नावापायी लोक डोंगर चढतात. चढणाऱ्या बहुतेकांच्या मनात तिचं पुस्तक नसतं, चित्रपट असतो. 1931 चा, जेम्स व्हेलने दिग्दर्शित केलेला, बोरिस कार्लॉफचा. पण त्या चित्रपटाचा कोणता अवतार, हे कोणी विचारत नाही. ते विचारलं पाहिजे, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी दाखवल्या गेल्या आहेत.

तळ्याकाठचा प्रसंग घ्या. मारिया नावाची लहान मुलगी एकटी खेळते आहे. प्रयोगशाळेतून सुटलेला तो अजस्र जीव झुडपांतून येतो. मुलगी घाबरत नाही. त्याचा हात धरून त्याला काठावर बसवते आणि फुलं देते. फुलं पाण्यात टाकायची, ती होडीसारखी तरंगतात, असा तिचा खेळ. तोही टाकतो. फुलं तरंगलेली पाहून हसतो. जन्माला आल्यापासून त्याच्याशी कोणी प्रेमाने वागलेलं नाही, ही पहिलीच. मग फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, मुलीकडे बघतो, तिला उचलतो आणि पाण्यात टाकतो. फुलं तरंगली, तर तीही तरंगेल. ती बुडते. तो गडबडतो, काठावरून धडपडत पळून जातो. आपण काय केलं हे त्याला कळलेलं नाही. काहीतरी भयंकर झालं, एवढंच कळलं आहे.

हा प्रसंग अमेरिकेतल्या काही राज्यांच्या सेन्सॉर मंडळांनी 1931 सालीच छाटला होता. 1934 पासून हॉलिवूडने आपली आचारसंहिता कडक केली आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीस चित्रपट पुन्हा थिएटरांत आला, तेव्हा तो सगळीकडेच छाटून आला. कात्री कुठे चालली ते बघा. फुलं संपतात, तो हसत दोन्ही हात मुलीकडे पुढे करतो. तिथे दृश्य तुटतं. पुढे गावातला लग्नाचा जल्लोष आणि त्या गर्दीतून मेलेल्या मुलीला हातांवर घेऊन चालत येणारा बाप.

मधे काय झालं? प्रेक्षकाने आपापल्या मनाने भरायचं. एकट्या लहान मुलीकडे हात पुढे करणारा दांडगा पुरुष आणि त्यानंतर तिचं प्रेत. असं जोडून दाखवलं की मन कुठे जातं हे सांगायला नको. कापलं होतं ते प्रेक्षकाला धक्का बसू नये म्हणून. प्रत्यक्षात एका अजाण जिवाचा नराधम झाला. पाण्यात टाकण्याचं दृश्य बघवत नाही, हे खरं. पण त्या दृश्यातच त्याचं निरपराधपण होतं. ते गेल्यावर उरला तो फक्त संशय. चित्रपटाचा पुढचा भागच त्यामुळे बदलतो. मशाली घेऊन मागे लागलेला जमाव मूळ चित्रपटात चुकतो आहे. छाटलेल्या चित्रपटात तो बरोबर वाटतो.

मूळ प्रसंग 1980 च्या दशकात परत जोडला गेला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, दोन पिढ्यांनी, छाटलेला चित्रपट हाच पूर्ण चित्रपट समजून पाहिला. माझा आक्षेप आहे तो या पन्नास वर्षांवर. कापलं यापेक्षा, कापलं हे सांगितलं नाही आणि न कापलेलं बघायची सोय ठेवली नाही, यावर.

कारण बदललेला चित्रपट बघण्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट त्यात आनंद आहे, आणि तो मी मोकळेपणाने घेतो. याच चित्रपटाचं दुसरं उदाहरण घ्या. टेबलावरच्या देहाचा हात पहिल्यांदा हलतो तेव्हा शास्त्रज्ञ बेभान होऊन ओरडतो की देव असणं काय असतं ते आता मला कळलं. पुनःप्रदर्शनात हे उद्गार धर्माला धक्का देणारे ठरले आणि ते ऐकू येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर विजेचा कडकडाट चढवला गेला. केवळ दडपण्याचं काम. पण दोन्ही प्रती लागोपाठ बघा. मुळात माणूस उन्मत्त होऊन बोलतो आणि आकाश गप्प राहतं. बदललेल्या प्रतीत माणूस तोंड उघडतो आणि आकाश त्याचा आवाज गिळून टाकतं. सेन्सॉरच्या मनात नसताना एक वेगळाच अर्थ तिथे तयार झाला, आणि तो दमदार आहे. मात्र तो कोणाला दिसतो? ज्याला खालचं वाक्य माहीत आहे त्यालाच. ज्याच्यापुढे फक्त दुसरी प्रत आली, त्याच्यासाठी वीज कडाडली, एवढंच.

म्हणून मूळ चित्रपट शेजारी हवा. बदलाची किंमत ठरवण्यासाठी हवा, आणि बदलाची गोडी लागण्यासाठीही हवा.

पुस्तकांच्या बाबतीत हे आपण केव्हाच मान्य केलं आहे. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासू आवृत्तीत पाठभेद तळाला छापलेले असतात. त्याने कोणाची श्रद्धा ढळत नाही, वाचन दाट होतं. खुद्द मेरी शेलीची कादंबरी दोन रूपांत आहे. 1818 ची पहिली, आणि तिनेच हात फिरवलेली 1831 ची. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण आहे. दुसरीत ती अनाथ, सांभाळलेली मुलगी होते. पहिलीत नायक आपल्या कर्माने बुडतो. दुसरीत नियतीचा हात जास्त जाणवतो. आज दोन्ही विकत मिळतात, कोणती कोणत्या सालची ते मुखपृष्ठावर किंवा प्रस्तावनेत लिहिलेलं असतं, आणि वाचक ठरवतो. चित्रपटाच्या प्रेक्षकाला एवढा मान का मिळू नये?

आपल्याकडे हा प्रश्न 2025 साली दोनदा दारात आला. ऑगस्टमध्ये 'रांझणा'ची तमीळ आवृत्ती थिएटरांत परत आली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने शेवट बदललेला होता. 2013 साली मेलेला नायक डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष, दोघांनीही जाहीर निषेध केला. माझ्या मते तो रास्त होता. तिथे निर्मिती कंपनीकडे हक्क होते, पण ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांची संमती नव्हती. तरीही तो शेवट कुतूहलाने बघायला मी तयार आहे. अट एकच. तिकिटावर आणि पडद्यावर ठळक लिहा की हा 2025 चा, यंत्राकडून करून घेतलेला शेवट आहे, आणि जुना चित्रपट जिथे होता तिथे राहू द्या.

'शोले'ची गोष्ट उलट्या टोकाची आणि म्हणून अधिक अवघड. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला पायांखाली मारून टाकतो. आणीबाणीचे दिवस होते. निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही. म्हणून ऐनवेळी पोलीस येतात, ठाकूरला आवरतात आणि गब्बर जिवंत हाती लागतो. 15 ऑगस्ट 1975 पासून देशाने हाच शेवट पाहिला. जून 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात, दुरुस्त केलेल्या प्रतीत, आधीचा शेवट मोठ्या पडद्यावर आला. दोन्ही हात गमावलेल्या माणसाचा सूड त्याच्या पायांनी पुरा होतो. सगळा चित्रपट ज्या दिशेने चालला होता तिथे तो पोहोचतो. मला हा शेवट अधिक खरा वाटतो.

पण इथे मूळ कोणतं? दिग्दर्शकाच्या दृष्टीने जे आधी चित्रित झालं ते. प्रेक्षकाच्या दृष्टीने जे पन्नास वर्षं पाहिलं, पाठ केलं, गावोगावच्या तंबूत शिट्ट्या मारून ऐकलं ते. पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात हा शेवट सेन्सॉरने लादला, हे खरं. तरी त्या शेवटाला आता स्वतःचा इतिहास आहे. आणीबाणीतल्या सरकारला पडद्यावर कायदा कसा दिसायला हवा होता, त्याचा तो पुरावा आहे. नवी प्रत आली म्हणून जुनी अडगळीत गेली, तर हॉलिवूडने 'फ्रँकेनस्टाइन'चं जे केलं तेच आपण हेतू चांगला ठेवून करू.

हे घडू शकतं, कारण एकदा घडलं आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली काढला आणि 1917 साली पुन्हा चित्रित केला. आज जी थोडी रिळं हाती आहेत ती पहिल्या चित्रपटाची की दुसऱ्याची, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. भारतीय चित्रपटाचा जिथून आरंभ मोजतो, तिथलं दृश्य आपण पाहतो आहोत की त्याच्या पुनरावृत्तीचं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. फाळक्यांकडे साधनं नव्हती. नायट्रेटची फिल्म जळत होती, सडत होती, आणि ती जपणारी संस्था देशात नव्हती. आज पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दोन्ही प्रती ठेवायला आता हजारो फूट फिल्म लागत नाही, एक चकती पुरते.

तेव्हा 'शोले' ज्या कुठल्या मंचावर दिसेल तिथे दोन नोंदी असाव्यात. एक 1975 साली प्रदर्शित झालेल्या प्रतीची, एक 2025 साली समोर आलेल्या प्रतीची. दोन्हींपुढे साल, आणि शेवट कोणी व का बदलला याची एक ओळ. 'रांझणा'लाही हेच लागू करावं. सेन्सॉर मंडळ प्रमाणपत्र देताना कापलेल्या मिनिटांची नोंद ठेवतंच. तीच नोंद प्रेक्षकापुढे ठेवायला फार खर्च येत नाही.