हरलेल्या संघाचे देणे

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातून पूर्वेस मनरोव्हिलकडे जाणारा हमरस्ता एका टेकडीच्या पोटातून जातो. तेथील स्क्विरल हिल बोगदा संध्याकाळच्या वाहनकोंडीसाठी शहरात प्रसिद्धच आहे. बोगद्यात खरे तर काही अडलेले नसते. पण तोंडाशी येताच जो तो वेग कमी करतो आणि मागे लांबच लांब रांग लागते. मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर असल्यामुळे दर्शनाला निघालेली समाजातील कुटुंबेही त्या रांगेत सापडत असणारच. अशा वेळी मोटारीतला रेडिओ लावला, की हमखास कानावर पडतो तो खेळांवरील गप्पांचा कार्यक्रम. दोन निवेदक, अधूनमधून जाहिराती आणि फोनवरून बोलणारे श्रोते. ऐकतो फार वर्षांपासून, बोलतो मात्र आज प्रथमच, अशी प्रस्तावना करून श्रोता जो सुरू होतो तो थांबवल्याशिवाय थांबत नाही.

विषय अनेक असले, तरी हिवाळा सरत आला की दोनच उरतात: हरत चाललेला हॉकीचा संघ आणि आवडते मारधाडपट.

रेडिओशी या शहराचे नाते जुने आहे. 2 नोव्हेंबर 1920 रोजी येथील केडीकेए या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले आणि पुढील वर्षी 5 ऑगस्टला बेसबॉलच्या सामन्याचे पहिले धावते वर्णनही याच केंद्रावरून झाले. तेव्हा रेडिओ खेळ सांगत असे. खेळाविषयीच्या गप्पांवर चोवीस तास चालणारे केंद्र निघायला 1987 चा जुलै उजाडावा लागला, तेही न्यूयॉर्कमध्ये. आणि मग गावोगावी तशी केंद्रे झाली. व्यापारी नजरेने पाहिले तर यातील हिशेब सरळ आहे. सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकत घ्यावे लागतात. गप्पांना लागणारा कच्चा माल श्रोतेच फुकट पुरवतात. अडचण एवढीच, की हा माल रोज लागतो. संघ जिंकत असेल तर प्रश्न नाही. हरत असेल तर पहिले काही आठवडे राग पुरतो. नंतर रागही शिळा होतो. मग कोणी तरी विचारतो, आजवरचा सर्वांत चांगला मारधाडपट कोणता? ‘डाय हार्ड’ की ‘टर्मिनेटर 2’? चित्रपटांच्या जोड्या लावून स्पर्धेसारख्या फेऱ्या खेळवल्या जातात. ‘डाय हार्ड’ 1988 च्या जुलैत पडद्यावर आला, पण त्यातील कथा नाताळच्या पूर्वसंध्येला घडते; म्हणून तो नाताळचा चित्रपट म्हणावा की नाही, या एका वादावर दर डिसेंबरात कित्येक तास निघतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनर्थदंडविरमण व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत मौखर्य आहे. निष्प्रयोजन, अनावर बडबड. हे कार्यक्रम ऐकताना त्या एका शब्दात सूत्रकारांनी किती मावेल याची तजवीज केली होती, हे लक्षात येते. तरी ‘डाय हार्ड’वरून घातलेल्या वादाने कोणाचे फारसे बिघडत नाही. त्याहून जड दोष आहे तो अपध्यानाचा. कोणाचा तरी पराभव व्हावा, कोणाचे तरी नुकसान व्हावे असे मनात घोळवत राहणे, हा अनर्थदंडाचाच प्रकार. या रेडिओवर त्याचे एक विचित्र रूप आढळते: आपलाच संघ आणखी हरावा, अशी चाहते उघड इच्छा करतात.

याचे कारण खेळाच्या व्यवस्थेत आहे. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावर स्केट बांधून आणि रबरी चकतीने खेळायच्या व्यावसायिक हॉकीत, नवोदित खेळाडू निवडण्याचा पहिला मान तळाच्या संघाकडे जात असे. दुर्बळाला हात द्यावा, हा हेतू चांगला. पण तळ गाठण्यातच लाभ दिसू लागला, तर तळाकडे चालणारे पायही निघतात. 1983-84 च्या हंगामात पिट्सबर्ग पेंग्विन्स हा संघ सर्वांत खाली राहिला आणि त्याला मारियो लेम्यू नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मिळाला. संघ मुद्दाम हरला, असा संशय त्या वेळीच बोलून दाखवला गेला. पुढे लीगने 1995 पासून चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आणली, ती अशा संशयांना आळा बसावा म्हणूनच. तरीही कोणताही संघ रखडला, की रेडिओवर कोणी तरी म्हणतोच: आता हरूच द्या.

तोट्यातून लाभ काढण्याची ही युक्ती व्यापाऱ्यांना अनोळखी नाही. पिट्सबर्गच्या पूर्वेस जॉन्स्टाउन हे पोलादाचे गाव आहे. तेथे चित्रित झालेल्या ‘स्लॅप शॉट’ या 1977 च्या चित्रपटात गिरणी बंद पडणार म्हणून गावाचा हॉकी संघही बुडण्याच्या बेतात आहे. पॉल न्यूमनने रंगवलेला प्रशिक्षक प्रेक्षक खेचण्यासाठी संघाला मारामारी करायला लावतो. गर्दी वाढते, संघ जिंकू लागतो. अखेर तो मालकिणीला गाठतो, तेव्हा कळते, की संघ विकता आला असता. पण गुंडाळून तोटा दाखवला तर करात अधिक वाचते, म्हणून तिने गुंडाळायचे ठरवले आहे. विनोदी म्हणून गाजलेल्या चित्रपटातील हा प्रसंग हसवत नाही.

मारामारीचे म्हणाल, तर या खेळात ती नियमबाह्य असूनही व्यवहारात मान्य आहे. भांडणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवतात आणि खेळ पुढे चालू होतो. रेडिओवर मारधाडपट आणि हॉकी हे विषय इतक्या सहज एकातून दुसऱ्यात जातात, त्याचे हेही एक कारण असावे. पण पडद्यावरचा ठोसा खाणारा उठून घरी जातो. डेरेक बूगार्ड या खेळाडूची ओळख गोलांसाठी नव्हती, ठोशांसाठी होती. 2011 च्या मे महिन्यात तो 28 व्या वर्षी मरण पावला. नंतर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डोक्यावर वारंवार आघात झालेल्यांत आढळणारा विकार त्यात दिसून आला. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही या हिंसेत वाटा असतो, हे कृत, कारित आणि अनुमोदना हा भेद शिकलेल्या श्रावकाला वेगळे सांगायला नको.

पिट्सबर्गमध्ये मात्र मारधाडपट आणि बुडता संघ हे दोन विषय एकदा खरोखरच एका दाराने आत आले. 1995 साली ‘सडन डेथ’ नावाचा चित्रपट आला. स्टॅनले चषकाचा अखेरचा सामना चालू आहे, अमेरिकेचे उपाध्यक्ष प्रेक्षागारात ओलीस धरले गेले आहेत आणि सामना संपताच स्फोट व्हायचे आहेत. जाँ-क्लोद व्हॅन डॅम हा तेथील अग्निसुरक्षा कर्मचारी. एका प्रसंगी तो पेंग्विन्सच्या गोलरक्षकाचा वेश चढवतो, थेट सामन्यात उभा राहतो आणि गोलही अडवतो. संघाच्या शुभंकराच्या, म्हणजे पेंग्विन पक्ष्याच्या पोशाखातील मारेकऱ्याशी त्याची मुदपाकखान्यात झुंज होते. निवेदकांना यावर बोलायला आजही पुरते. चित्रपटाचे एक निर्माते होते हॉवर्ड बाल्डविन, जे तेव्हा याच संघाचे मालक होते. मूळ कथा त्यांच्या पत्नीची.

पडद्यावर संघ वाचत असताना वहीत तो बुडत होता. लेम्यूच्या खेळावर 1991 आणि 1992 चे चषक आले होते. 1993 मध्ये त्याला कर्करोग झाल्याचे निदान झाले; किरणोपचाराची शेवटची खेप घेतली त्याच दिवशी तो फिलाडेल्फियाला जाऊन खेळला, गोल केला आणि प्रतिस्पर्धी गाव त्याच्यासाठी उभे राहिले. पण असा संघ टिकवायला पैसा लागतो आणि तो मालकांपाशी नव्हता. त्यांनी मोठमोठे करार केले, पगाराचा काही भाग पुढे देऊ असे लिहून दिले. आजचा खर्च उद्याच्या खात्यावर टाकण्याची ही रीत कोणत्या पेढीला कोठे नेते, हे सांगायला मुनीम लागत नाही. 1998 मध्ये संघाने दिवाळे जाहीर केले. देणे नऊ कोटी डॉलरच्या वर होते. सर्वांत मोठा धनको निघाला तो सुमारे दीड वर्षापूर्वी निवृत्त झालेला लेम्यू. त्याचे सुमारे 3 कोटी 25 लाख डॉलर अडकले होते.

पुढे त्याने जे केले, ते एखाद्या जुन्या आडतदाराला चटकन उमगेल. बुडीत येण्याचा मोठा भाग त्याने भागभांडवलात बदलून घेतला, सोबत भागीदार घेतले आणि 1999 मध्ये न्यायालयाच्या व लीगच्या संमतीने संघाचा मालक झाला. यात दानधर्म नव्हता, याची नोंद करायला हवी. पैसे वसूल होण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापुढे नव्हता. 2021 च्या अखेरीस संघाचे नियंत्रण दुसऱ्या कंपनीकडे गेले, तोवर त्याच्या त्या भागाचे मोल कित्येक पटींनी वाढले होते. पण मधली वर्षे पाहावी. 27 डिसेंबर 2000 रोजी मालक स्वतः पुन्हा बर्फावर उतरला आणि पहिल्या मिनिटातच सहकाऱ्याला गोल करून दिला. एवढ्याने घडी बसली नाही. चांगले खेळाडू विकावे लागले. 2003-04 मध्ये संघ पुन्हा लीगच्या तळाशी गेला, खुर्च्या रिकाम्या पडल्या. पुढचा सबंध हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात रद्द झाला.

आणि 2005 च्या ऑगस्टमध्ये शहराच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की दिवाळ्याच्या वेळचे सर्व धनको फेडले गेले. तारण असलेले आणि नसलेलेही. प्रत्येकाचे मुद्दल पूर्ण. दिवाळखोरीच्या कायद्याने पुष्कळ देणी कापून घेता येतात आणि जगात बहुतेक जण कापून घेतातच. येथे कोणाचेही राहू नये, असा लेम्यूचा आग्रह होता, असे तेव्हा सांगितले गेले. त्याच उन्हाळ्यात चिठ्ठीचा कौल लागून सिडनी क्रॉस्बी हा खेळाडू संघाला मिळाला. अर्थात रेडिओवर क्रॉस्बीचीच चर्चा झाली. फेडलेल्या देण्याविषयी कोण फोन करणार? विनातारण धनको म्हणजे बहुधा माल पोचवून बिलाची वाट पाहणारे लहान पुरवठादार. असे लोक सात वर्षांनी पैसे मिळाले तर दुकानात परततात, निवेदकाला फोन लावत नाहीत.

क्रॉस्बीच्या काळात 2009, 2016 आणि 2017 चे चषक आले. सोळा वर्षे संघ बाद फेरीत सलग पोचला. 2023 मध्ये ती मालिका तुटली, त्यापुढील दोन वर्षेही प्रवेश मिळाला नाही आणि रेडिओवरचा तो जुना सल्ला पुन्हा ऐकू येऊ लागला.

ज्या प्रेक्षागारात यातील बरेचसे घडले, ते 1961 मध्ये उघडले होते. पोलादी पत्र्याच्या पाकळ्या सरकून त्याचा घुमट उघडत असे. संगीतनाट्ये ताऱ्यांखाली व्हावीत म्हणून ही योजना. तिला 10 लाख डॉलर दिले होते ते एडगर कॉफमन या गावातल्या बड्या दुकानदाराने, आणि इमारत पुरी होण्याआधीच तो वारला. 2010 मध्ये संघ समोरच्या नव्या वास्तूत गेला आणि जुनी पुढील दोन वर्षांत पाडली गेली. आता तो घुमट पाहायचा तर ‘सडन डेथ’ लावावा लागतो. त्यातील हेलिकॉप्टर अजूनही वरून थेट बर्फावर कोसळते, आणि रेडिओवर कोणी तरी सांगत असतो, की त्या रांगेत आमच्या वडिलांची खुर्ची होती.