काडी आधी, फूल नंतर

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातला फुलांचा बाजारभाव नीट वाचला, तर लागवडीचा निम्मा सल्ला तिथेच मिळतो. झेंडू किलोवर, सुट्टी गुलछडी किलोवर, ॲस्टर जुडीवर, ग्लॅडिओ दहा काड्यांवर, डच गुलाब वीस नगांवर. किलोच्या मालात गिऱ्हाईक फुलाचे वजन विकत घेते. जुडीच्या आणि काडीच्या मालात ते दांड्याची लांबी, सरळपणा आणि फुलदाणीतले दिवस विकत घेते. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतले शेतकरी पहिल्या व्यवहाराला सरावलेले आहेत. दसरा-दिवाळीचा झेंडू त्यांना कुणी शिकवायला नको. काडीच्या फुलांचा वाफा मात्र वेगळ्या हिशेबाने लावावा लागतो, आणि बियाण्याच्या पाकिटावरचा रंगीत फोटो पाहून तो हिशेब होत नाही.

या दोन तालुक्यांना एकच शिफारस सरसकट लागू पडत नाही. सातारा रस्त्यालगतच्या नसरापूर, किकवी, सारोळा पट्ट्यात पाऊस बेताचा आणि गाडी दाराशी. पश्चिमेकडे हिरडस मावळात, वेळवंड आणि कानद खोऱ्यांत जूनच्या अखेरीपासून उघडीप मिळणे मुश्कील. ॲस्टर, शेवंती, ग्लॅडिओ यांच्या मुळाशी पाणी साचले की पीक गेलेच म्हणायचे. तेव्हा पश्चिम भागात पावसाळी काडीचा नाद सोडलेला बरा. अपवाद हेलिकोनियाचा. अर्धवट सावली आणि भरपूर ओल त्याला मानवते, त्यामुळे निचरा होणाऱ्या परड्यात, फणस-आंब्याच्या कडेला, त्याची एखादी ओळ लावून पाहण्यासारखी आहे.

खरा मोका भात निघाल्यावर येतो. नोव्हेंबरात खाचर मोकळे होते, जमिनीत ओल असते, थंडी पडू लागलेली असते. अडचण मातीची आहे. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाचरात खाली घट्ट थर बसलेला असतो आणि पाणी त्याच्यावर थांबून राहते. म्हणून वापसा येताच नांगरट करून, शेणखत मिसळून, वीतभर उंचीचे गादीवाफे केल्याशिवाय खाचरात फुलांना हात घालू नये. वरकस जमिनीत निचऱ्याची काळजी नाही, पण तिथे पाणी कुठून आणायचे? भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे उशाशी असूनही वरच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. फुलाची निवड इथेच ठरते. ज्याच्या विहिरीला मेपर्यंत पाणी पुरते, त्याने गुलछडीचा विचार करावा. ते पीक दोन-तीन वर्षे जमिनीत राहते. त्यातही काडीसाठी सुवासिनी किंवा वैभव, सुट्ट्या फुलांसाठी फुले रजनी. प्रज्वल दोन्हींकडे चालते. ज्याचे पाणी मार्चमध्ये आटते, त्याने मोह टाळून हंगामी फुलेच घ्यावीत.

हंगामी काडीत या भागासाठी पहिला मान ग्लॅडिओला द्यावा लागेल. नोव्हेंबरच्या मध्यावर लावलेला कंद जातीनुसार दोन ते तीन महिन्यांत दांडा देतो, म्हणजे माल जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निघतो. पौषात लग्ने नसतात. माघ लागला की मांडव उभे राहू लागतात. तारीख उलटी मोजून लागवड करण्याचा फायदा तो हाच. शिफारस हेक्टरी सव्वा ते दीड लाख कंदांची आहे, म्हणजे गुंठ्याला साधारण १,२५० ते १,५००. हे सारे एकाच दिवशी लावले तर सगळ्या काड्या एकदम उभ्या राहतात आणि मग पडेल त्या भावाला द्याव्या लागतात. त्याऐवजी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने चारशे-पाचशे कंद लावावेत. कंद ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि शीतगृहात ठेवून सुप्तावस्था मोडलेला हवा. नुकताच काढलेला कंद जमिनीत नुसता पडून राहतो. पुण्याच्या गणेशखिंड कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले नीलरेखा, फुले तेजस या जाती लागवडीसाठी आहेत.

काढणीत मात्र बऱ्याच जणांचा हात चुकतो. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा कापायचा. फूल पूर्ण उमलायची वाट पाहिली तर ते वाटेतच संपते. कापताना झाडावर चार पाने राहिलीच पाहिजेत, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्यावर पोसतो. कापलेल्या काड्या बादलीत उभ्याच ठेवायच्या. आडव्या टाकल्या तर काही तासांत शेंडे वर वळतात, आणि वाकडा शेंडा म्हणजे दुसऱ्या प्रतीचा माल. काढणीनंतर कंदासाठी आणखी दीड-दोन महिने राखणे आले. तेवढे पाणी हाताशी नसेल, तर कंद दरवर्षी विकत घ्यावे लागतील, आणि हा खर्च लागवडीआधीच जमेस धरावा. कंद उकरणारी रानडुकरे आणि साळिंदरे या भागात नवीन नाहीत. कुंपणाची तजवीजही आधीच हवी.

ॲस्टरला भांडवल कमी लागते. फुले गणेश व्हाइट, पिंक, पर्पल आणि व्हायोलेट असे रंग उपलब्ध आहेत. त्याच्या बियाण्याची उगवणक्षमता लवकर घटते, म्हणून मागच्या वर्षीचे बी वापरू नये. आणि मर रोगामुळे त्याच वाफ्यात लागोपाठ ॲस्टर घेऊ नये.

पुण्यातल्या पुष्पगुच्छवाल्यांना झिनिया, सूर्यफूल, लार्कस्पर, स्टॅटिस अशी वेगळी फुलेही हवी असतात. यातला झिनिया सोपा आणि दगाबाजही. फुलाच्या खाली वीतभरावर दांडा चिमटीत धरून हलवून पाहावा. मान डोलली तर दांडा अजून कोवळा आहे, कापला तर तासाभरात मान टाकेल. ताठ राहिला तर खुशाल कापावा. डेलिया दिसायला राजबिंडा, पण फुलदाणीत जेमतेम तीन-चार दिवस टिकतो. दूरच्या गिऱ्हाइकासाठी तो लावू नये. तेरडा इथे आपोआप उगवतो, गौरीला त्याचा मानही मोठा, पण त्याच्या पाणीदार दांड्याला काडीबाजारात जागा नाही. पहिल्या वर्षी तीनपेक्षा जास्त प्रकार कुणीही घेऊ नयेत, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. दहा प्रकारांच्या चार-चार जुड्या कोणताही व्यापारी उत्साहाने घेत नाही.

भोर पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर. हे अंतर काडीच्या फुलाला सोयीचे आहे, फक्त सोबत कोणता माल जातो ते पाहावे. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो यांतून इथिलीन वायू निघतो. कार्नेशन, लार्कस्पर, जिप्सोफिला ही फुले त्याने वेळेआधी गळतात किंवा मिटतात. टोमॅटोच्या क्रेटशेजारी फुलांची बादली ठेवून भाडे वाचते आणि माल जातो. काढणी पहाटे, खालची पाने काढून, दांडे लगेच स्वच्छ पाण्यात, बादली सावलीत, एवढे पाळले तरी फुलांचे आयुष्य वाढते.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. राजगड-तोरण्याच्या उतारांवरची सोनकी, रानहळद, कळलावी यांना आता शहरातून विचारणा होऊ शकते. रानातून फुले खुडून किंवा कंद उपटून आणणे हा फुलशेतीचा मार्ग नव्हे. विकायचे ते वाफ्यातच वाढवलेले असावे.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. तिथे जाणाऱ्यांनी रंगांबरोबर दांड्यांचीही मापे टिपून आणावीत. त्याआधीचे काम दाराशी आलेले आहे. ज्यांना यंदा खाचरात ॲस्टर घ्यायचा आहे, त्यांनी कोजागरीच्या आसपास रोपवाटिकेत बी टाकावे. रोप चार-पाच आठवड्यांत लागवडीला येते, आणि तोवर भात निघालेले असते.