लेकीला ‘ये’ म्हणण्याआधी



पालघरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय, हॉल घेऊन झाला, आहेराच्या साड्याही आल्या, आणि अमेरिकेतली थोरली लेक म्हणते, “आई, मला येता येईलसं वाटत नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू आहे.” बाई लिहितात, “आठ दिवस येऊन जायला असं काय अडतं? घरातले म्हणतात, तिला आता आपली गरज उरली नाही. मी तिला कसं समजावू?”

बाई, तिला समजावू नका. आधी आपण समजून घेऊ या. हे शहाणपणाच्या गादीवर बसून सांगत नाही, बरं का. हीच चूक मी २०२२ साली केली आहे, आणि फोनवर बोललेले शब्द काही परत घेता येत नाहीत.

आम्ही बोईसरचे. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन यंत्रं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं बांधून दिली, ती १९६९ साली चालू झाली. म्हणजे अमेरिका आधी आमच्या दारी आली, आणि मग आमची मुलं तिकडे गेली! माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेकही त्यातलीच. ती आणि जावई दोघंही तिथे नोकरीला.

आता ग्रीन कार्ड म्हणजे काय, तर तिथे कायम राहण्याचा परवाना. नोकरीवर मिळणारी अशी कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यातही कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर सहसा नाहीत. आपली मुलं रांगेत वर्षानुवर्षं का उभी, ते यावरून कळेल. नंबर जवळ आला की शेवटचा अर्ज भरायचा. खरी मेख आहे ती इथे. हा अर्ज भरून माणूस परवानगीचा कागद हातात नसताना देशाबाहेर पडला, तर त्यानं अर्ज सोडून दिला असं धरतात. रांगेतली जुनी तारीख टिकेलही, पण अर्ज पुन्हा पहिल्यापासून, आणि परत आत जायचं ते कुठल्या कागदावर?

त्या परवानगीला ‘ॲडव्हान्स पॅरोल’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चपापलेच. आपल्याकडे पॅरोलवर सुटतो तो कैदी! पण तिथे त्याचा अर्थ, बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची आगाऊ परवानगी. अर्ज वेगळा करावा लागतो, आणि कागद यायला महिनोन् महिने जाऊ शकतात. तो असला तरी आत घ्यायचं की नाही हे शेवटी विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

ज्यांचा एच-१बी किंवा एल-१ हा नोकरीचा व्हिसा व्यवस्थित चालू आहे, त्यांना आणि त्यांच्यामागे एच-४, एल-२ वर असलेल्या नवराबायकोला या पॅरोलवाचून येता येतं. पण पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर तो इथल्या वकिलातीतून नवा घ्यावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ वाल्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायचा नियम लागू झाला, आणि मुलाखतींच्या तारखा एकदम महिनोन् महिने पुढे गेल्या. आठ-पंधरा दिवसांसाठी आलेली कितीतरी मुलं इथेच अडकून पडली.

माझ्या भाचीचं असं झालं, की जुन्या कंपनीनं तिला कमी केलं. ग्रीन कार्डाच्या अर्जावर कामाचा परवाना मिळतो, त्यावर तिनं दुसरीकडे नोकरी धरली. त्यात तिचा एच-१बी सुटला. नवऱ्याचा मात्र चालू होता, आणि पासपोर्टावरचा व्हिसाही ताजा होता. अशात ऐन पावसाळ्यात माझ्या मेव्हण्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोईसरहून त्यांना मुंबईला हलवलं. चौथ्या दिवशी जावई एकटाच आला. मेव्हणे दाराकडे बघायचे, त्याच्या मागून कुणी येतंय का ते.

मी भाचीला फोन लावला आणि बोलले, “अगं, कागद पुन्हा करता येतील. बाप पुन्हा मिळणार आहे का?” ती काहीच बोलली नाही. नंतर कळलं, पॅरोलचा अर्ज तिनं सहा महिन्यांपूर्वीच घातला होता, आणि त्या आठवड्यात ती रोज त्या ऑफिसला फोन करत होती.

जिवावरचं आजारपण किंवा मृत्यू असेल, तर तिथल्या स्थानिक ऑफिसात जाऊन तातडीचा पॅरोल मागता येतो. पण पुरावा दाखवावा लागतो, आणि तो पुरावा इथून आपण पाठवायचा असतो. आम्ही काय पाठवलं? डॉक्टरांनी घाईत खरडलेल्या दोन ओळी. त्यावर तारीख नाही, शिक्का नाही, आणि पेशंटचं नाव आम्हीच भरती करताना सांगितलेलं, घरी हाक मारायचं! भाचीच्या कागदांवर वडिलांचं नाव वेगळंच. नीट पत्र मिळून तिकडे पोचेपर्यंत नववा दिवस उजाडला, आणि त्या पहाटे मेव्हणे गेले. जावयानं सगळं केलं. दहाव्याला जमलेल्या बायकांत कुजबुज झाली, “जावई आला, लेक नाही आली.” मी तेव्हाही गप्पच बसले.

म्हणून ज्यांची मुलं तिकडे रांगेत आहेत, त्यांनी काही कागद आजच बघून ठेवा. डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत हवं. त्यात पेशंटचं पासपोर्टावर असतं तसं पूर्ण नाव, आजार काय, किती गंभीर, भरती केल्याची तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि फोन. लेकीच्या जन्मदाखल्यात मुलीच्या नावाचा रकाना रिकामा नाही ना, तेही बघा. पुष्कळांचा असतो. लग्नात नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडीला हवा, नाहीतर माहेरची अमुक आणि सासरची तमुक ही एकच, हे तिथल्या माणसाला कसं कळावं? आपल्याकडची आणखी एक गंमत म्हणजे, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधीच्या दाखल्यांवर जिल्हा ठाणे, नंतरच्यांवर पालघर. गाव तेच आहे असं एका ओळीत लिहून दिलेलं बरं. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडताना, ते अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्यानं सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

आता पालघरच्या बाईंना. लग्न हे तातडीच्या कारणात सहसा बसत नाही. तेव्हा लेकीला एवढंच विचारा, “तुझा पॅरोल आला का? आणि व्हिसा चालू आहे का?” दोन्ही नसेल तर ‘ये’ म्हणू नका, आणि घरातल्यांना तुम्हीच सांगा की मीच तिला येऊ नको म्हटलं. हे तुमच्या तोंडून गेलं की तिच्यावरचा बोल टळेल. पॅरोल यायच्या बेतात असेल तर मुलीकडच्यांशी बोलून तारीख थोडी मागे सरकते का बघा. हॉलचे पैसे बुडतील खरे.

भाचीचा कागद त्या वर्षीच्या डिसेंबरात आला, आणि ती आली. चार दिवस बोईसरला राहिली. मला वाकून नमस्कार केला, रागाचा एक शब्द काढला नाही. जाताना तिनं आईच्या सगळ्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या आणि गॅसच्या पुस्तकाशेजारी कपाटात ठेवल्या. वर माझा फोन नंबर लिहून ठेवला.