साखळी म्हणजे कुंपण नव्हे

आज कांद्याचं नाही, उसाचं नाही, कुत्र्याचं लिहितोय. वाचून काहींना राग येईल, येऊ द्या.

आमच्या खंड्याला तुमच्यातले बरेचजण फोटोतून ओळखतात. तांबूस रंग, एक कान पडलेला, वय दोन वर्षं. राखणीला चोख, पण एक नंबरचा पळपुटा. महिन्यातून दोन-तीनदा तरी निसटायचा आणि संध्याकाळपर्यंत परत यायचा. आम्ही हसून सोडून द्यायचो. माझी चूक तिथंच झाली.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तो फाटकाखालून निसटला आणि सायकलवर शाळेला निघालेल्या पलीकडच्या वस्तीवरच्या पोरीच्या मागं लागला. पोरगी घाबरून पडली. गुडघा फुटला आणि पोटरीवर दाताचा ओरखडा आला. रक्त नव्हतं, खंड्याला लसही दिलेली होती. पण रेबीजच्या बाबतीत "बघू उद्या" चालत नाही. साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं पाय धुतला आणि दवाखान्यात नेलं. त्याच दिवशी एक इंजेक्शन, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चारही वेळा मीच गाडीवर घेऊन गेलो.

शेवटच्या दिवशी सोडायला गेलो तेव्हा तिचे आजोबा ओट्यावर बसले होते. चिडले नाहीत, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "दादा, कुत्रं तुमची राखण करतंय, ते बरंय. पण आमच्या पोरीनं रस्ता बदलायचा का?"

मग कळलं, महिनाभर ती पोरगी कालव्याच्या कडेनं लांबच्या वाटेनं शाळेत जात होती.

मंडळी, त्या रात्री झोप लागली नाही.

आता असं काही झालं की गावात दोनच सल्ले मिळतात. पहिला, "बांधून टाक साखळीला." दुसरा, आमच्या आप्पांचा, "शेतातलं कुत्रं आहे, ते फिरणारच. बांधलं तर चावरं होईल." माझं मत असं झालंय, की दोन्ही सल्ले कुत्र्याबद्दल बोलतात आणि कुंपणाबद्दल कुणीच बोलत नाही. कुत्रं पळतं त्यात दोष त्याचा कमी आणि आपल्या परसाचा जास्त असतो.

आधी साखळीचं सांगतो, कारण मी ते करून बघितलं. आठ दिवस खंड्याला बांधलं. रात्रभर भुंकायचा, पट्ट्याखाली मान सोलली आणि पिल्लू असल्यापासून ओळखीच्या दूधवाल्यावर गुरगुरायला लागला. आप्पा चूक नव्हते. शिवाय हे कायद्यातही बसत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा सांगितलाय, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही.

आणि आपल्या जुन्नरकडं तर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला होता. वजनाच्या हिशोबानं सर्वांत मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा त्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणजे उसातला बिबट्या कुत्र्यासाठी वस्तीपर्यंत येतो. कुत्रं साखळीला असलं तर त्याला पळताही येत नाही. आणि मोकळं असलं तर ते रात्री उसाच्या कडेला असतं, म्हणजे तेही धड नाही.

मग काय करायचं? अख्खं रान बंद करणं आपल्याला परवडत नाही, त्याची गरजही नाही. घर, गोठा आणि मागचं परस, आमचं मिळून साठ बाय चाळीस फूट भरलं. तेवढं पक्कं करायचं.

काम सुरू करायच्या आधी मी तीन दिवस फक्त बघत बसलो. हे सगळ्यांना सांगणं आहे. कुत्रं कुठून जातं आणि कधी जातं हे बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. खंड्याच्या तीन वाटा निघाल्या. एक फाटकाखालची पाच इंच फट. दुसरी मागच्या भिंतीला टेकून रचलेलं सरपण, त्यावरून उडी. तिसरी म्हणजे आपणच, दूध घालायला जाताना फाटक उघडं टाकणारे. काटेरी तार तर त्याच्या हिशोबातच नव्हती. खालून अंग चोरून जायचा आणि पाठीला ओरखडे घेऊन यायचा.

फाटकापासून सुरुवात केली. जिथून डोकं जातं तिथून कुत्रं जातं, हे ध्यानात ठेवा. खालून लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतली आणि खाली काँक्रीटचा उंबरा केला. कडी तो नाकानं वर ढकलायचा, म्हणून तिला हूक लावला. आत जुन्या कांदा चाळीचं एक पल्लं होतं, ते लावून दुसरं फाटक केलं. मध्ये मोटारसायकल उभी राहील एवढी जागा. नियम एकच, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आतल्या फाटकाला दोरी आणि कप्पीवरून वीट टांगलीय, सोडलं की ते आपोआप लागतं.

काटेरी तार काढून पाच फुटी चेनलिंक जाळी लावली. कोंबड्यांची पातळ जाळी लावू नका, ती दातानं फाटते. उकरणाऱ्या कुत्र्यासाठी खरी युक्ती खाली आहे. दीड फुटाची वेगळी जाळी आतल्या बाजूला जमिनीवर आडवी टाकायची, उभ्या जाळीला तारेनं बांधायची आणि वर मुरूम-दगड टाकायचे. कुत्रं नेहमी कुंपणाच्या पायाशीच उकरतं. जाळी लागली की पंजा थांबतो. दीड फूट मागं सरून उकरावं हे त्याला सुचत नाही.

सरपण, ड्रम, जुना टायर, सगळं भिंतीपासून सहा फूट लांब नेलं. भिंतीवर आतल्या बाजूला वाकवलेले अँगल बसवून त्यावर जाळी ओढली. उडी मारायला वर बघितलं की डोक्यावर जाळी दिसते. रस्त्याच्या बाजूला शेडनेट लावलं. येणारा-जाणारा दिसला नाही की निम्मं भुंकणं आणि पाठलाग तिथंच संपतो.

एका गोष्टीला मात्र हात जोडून नाही म्हणतो. कुंपणात डायरेक्ट लाइनचा करंट सोडू नका. तो बेकायदेशीर आहे आणि त्यानं माणसं मरतात. रानडुकरासाठी झटका मशीन वेगळं असतं, त्याचा झटका क्षणाचा असतो आणि मध्ये खंड असतो. पण परसातल्या कुत्र्यासाठी तेही कामाचं नाही. बोलावणारा वास मोठा असला तर कुत्रं झटका सोसून बाहेर जातं आणि परत येताना त्याच झटक्याला घाबरून बाहेरच राहतं.

कुंपण झालं की आत काय आहे ते बघा. आपण कुत्र्याला आत कोंडतो म्हणजे आतल्या धोक्याशीही कोंडतो. उंदराचं औषध आणि कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या कुलपात ठेवा. एरंडीची पेंड खत म्हणून टाकत असाल तर लक्ष ठेवा, कुत्री ती आवडीनं खातात आणि ती विषारी असते. विहिरीला कठडा करा. शेततळ्याचं प्लास्टिक गुळगुळीत असतं, आत पडलेल्या कुत्र्याला पोहता येतं पण चढता येत नाही. मी चारही बाजूंनी दोरीत टायर बांधून सोडलेत. कुत्र्यासाठी केलंय, पण उद्या एखाद्या पोराच्याही उपयोगी पडेल.

रात्रीचं वेगळं. पाच फुटी जाळी बिबट्याला अडवत नाही, हे मनात पक्कं ठेवा. म्हणून गोठ्याच्या भिंतीला लागून आठ बाय पाचचं खुराडं केलं, चारही बाजूंनी जाळी, वर जाळी आणि पत्रा. अंधार पडायच्या आत खंड्या त्यात. आप्पा म्हणाले, "मग राखण कोण करणार?" मी म्हटलं, आप्पा, राखण तोंडानं होते, पायानं नाही. आतून भुंकला तरी आपल्याला जाग येतेच. दिवाळीत, लग्नसराईत फटाके वाजायच्या आधीच त्याला आत घ्यायचं. आवाजाला घाबरलेलं कुत्रं कुठल्या कुंपणावरून जाईल याचा भरवसा नाही.

आता पळण्याच्या कारणाचं बोलू. वाट बंद केली तरी ओढ राहतेच. खंड्याची मोठी ओढ म्हणजे वस्त्यांवरच्या माजावर आलेल्या कुत्र्या. पशुवैद्यकाकडून नसबंदी करून घेतली. "कुत्रं मऊ पडेल, भुंकणार नाही," असं चारजणांनी सांगितलं. तसं काही झालं नाही. फरक दुसऱ्या दिवशी दिसत नाही, काही आठवडे जातात. पण भटकणं खूप कमी झालं. दुसरी ओढ कंटाळ्याची. त्याला आता पहाटे पाणी द्यायला जाताना दोरीला धरून बरोबर नेतो, बांधाबांधानं वास घेत हिंडतो. तेवढं हिंडला की दिवसभर सावलीत पडून राहतो. रेबीजची लस दर वर्षी, तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेली. पट्ट्याला बिल्ला, त्यावर माझा फोन नंबर.

खर्च विचारतील म्हणून सांगतो. जाळी, अँगल, सिमेंट, वेल्डिंग मिळून सोळा-सतरा हजार. मजुरी घरची. म्हणजे दोन बोकडांचे पैसे. "कुत्र्यावर एवढा खर्च?" असं म्हणणाऱ्याला माझा उलटा प्रश्न आहे, त्या पोरीच्या जागी आपली पोरगी असती तर? आपण शेजाऱ्याच्या जनावरानं पीक खाल्लं की बांधावर भांडायला उभे राहतो. मग आपलं जनावर रस्त्यावर गेलं तर तोच न्याय आपल्यालाही लागू. राखण आपल्याला पाहिजे ना, मग कुंपणही आपणच घालायचं. उसना न्याय चालणार नाही.

सगळं जमलंय असंही नाही. गेल्या महिन्यात पाहुणे आले, दोन्ही फाटकं एकदम उघडली आणि साहेब निघाले. अर्ध्या तासात मिळाला, नशीब. म्हणून आता फाटकावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "आधी हे लावा." कुंपण कितीही पक्कं असू द्या, फाटक लावायची सवय माणसालाच लावावी लागते.

साखळी आम्ही टाकून दिली नाही. ती बाहेरच्या फाटकाला लावलीय, रात्री कुलूप घालायला.

आणि ती पोरगी परत आमच्याच रस्त्यानं शाळेत जायला लागलीय. आमच्या घरापाशी आली की अजून सायकलवरून उतरते आणि चालत पुढं जाते. शेडनेटच्या आत खंड्या असतो, तिला दिसत नाही, पण तिला ठाऊक आहे. ती न उतरता जाईल त्या दिवशी माझं कुंपण पुरं झालं असं मी धरीन.

तुमच्याकडं पळपुटं कुत्रं असेल तर तीन दिवस नुसतं बघा, आणि त्याची वाट कुठली निघाली ते मला सांगा.