रगात दिसणा नाय म्हणून?

"रगात दिसता खंय? मगे तपासूचा कित्याक?" मालवणच्या बाजारात बांगड्यांचा वाटा घेताना एका ओळखीच्या काकांनी मला विचारलं. न दिसणारं रक्त शोधायलाच तर ही शौचाची तपासणी असते. मोठ्या आतड्यातला पॉलिप किंवा कर्करोगाची गाठ सुरुवातीला थेंबथेंब, तेही मधूनमधून गळते. डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

"आम्ही मासे-मटण खाणारे, आमची तपासणी चुकणारच," हा दुसरा आक्षेप. जुनी ग्वायाक चाचणी लाल मांसाने फसायची, हे खरं. आताची फिट चाचणी फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते; मटण, तिखलं, सोलकढी काहीच सोडावं लागत नाही. मी स्वतः केली. बोटाएवढी बाटली, झाकणालाच खाचांची काडी. ती शौचावर चार-सहा ठिकाणी टोचायची, बाटलीत खुपसायची, झाकण घट्ट करायचं. झालं. घरोघरी संडास बांधून २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांत पहिला आलेला आपला सिंधुदुर्ग या बाटलीला का लाजतो?

आणि रक्त दिसलं, तर "मूळव्याधच असतली"! माझ्या मामांनी वर्षभर पाला वाटून घेतला. गाठ सापडली तेव्हा ती यकृतापर्यंत पोचली होती. म्हणून रक्त दिसत असेल, पन्नाशीनंतर विनाकारण हिमोग्लोबिन उतरलं असेल किंवा आईवडील-भावंडांत हा कर्करोग असेल, तर या चाचणीवर विसंबू नका. थेट डॉक्टरांकडे जा. चाचणी आहे ती काहीच त्रास नसलेल्यांसाठी.

अमेरिकेतल्या मिनेसोटात ४६ हजारांवर लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. दरवर्षी तपासणी केलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले होते, तेही जुन्या ग्वायाकने. आपल्याकडे हा रोग तिकडच्याइतका नाही, हे मला मान्य आहे. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांनाच आधी जागा मिळाली, तेही रास्तच. पण गावच्या शिबिरात पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हाती ही बाटलीही द्यायला हवी.

"रक्त सापडलं तर दुर्बिणीच्या तपासणीसाठी गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ गाठायचं, ती यातायात कोणी करायची?" चाचणीत रक्त आलं म्हणजे कर्करोगच असं नाही आणि नाही आलं म्हणून कायमची सुटकाही नाही, दरवर्षी करावी लागते. पण कोणाला बांबोळीला जायला हवं, हे ती घरबसल्या निवडून देते. मामाही शेवटी बांबोळीलाच गेले, रुग्णवाहिकेतून.